‘फरक आढळला नाही’ असं लिहिलेले पेपर कसे वाचायचे?

पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा झाली की पुढचा प्रश्न असतो विषयाचा. २०२० च्या लॉकडाउननंतर एक विषय बऱ्याच प्रस्तावांत दिसायला लागला: ‘ऑनलाइन प्रयोगशाळेची परिणामकारकता’. विषय वाईट नाही, पण त्याचं वाचन सुरू केलं की तुम्हाला एक वाक्य सारखं भेटेल: ‘दोन गटांच्या गुणांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.’ एका गटाने प्रत्यक्ष लॅबमध्ये प्रयोग केला, दुसऱ्याने स्क्रीनवर. दोघांची परीक्षा घेतली, टी-टेस्ट लावली, फरक नाही. म्हणून ऑनलाइन लॅब प्रत्यक्ष लॅबइतकीच चांगली. इथे पेपर संपतो.

आज आपण हे वाक्य जरा उसवून बघणार आहोत. उदाहरणासाठी मी इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्स घेते. एससीआर, ट्रायॅक, रेक्टिफायर, इन्व्हर्टर, मोटर ड्राइव्ह असा हा विषय, बी.ई.ला असतो, डिप्लोमाला असतो आणि आम्हा एम.एस्सी.वाल्यांनाही थोडाफार असतो. तो निवडायचं कारण असं की इथे लॅबमध्ये २३० व्होल्टचा मेन्स प्रत्यक्ष टेबलावर आलेला असतो. पाच व्होल्टच्या लॉजिक गेटच्या प्रयोगात जे झाकलं जातं, ते इथे उघडं पडतं.

आधी साहित्य काय म्हणतं ते बघू. ब्रिन्सन यांचा २०१५ चा आढावा ‘कॉम्प्युटर्स अँड एज्युकेशन’ या जर्नलमध्ये आहे आणि या विषयावर काम करणाऱ्या बहुतेकांच्या संदर्भसूचीत तो असतो. २००५ नंतरचे, प्रत्यक्ष लॅब आणि व्हर्च्युअल किंवा रिमोट लॅब यांची थेट तुलना करणारे अभ्यास त्यांनी गोळा केले. त्यातल्या ५० अभ्यासांत, म्हणजे ८९ टक्क्यांत, ऑनलाइन गटाचं शिकणं समान किंवा जास्त भरलं. हा आकडा तुम्हाला शंभर ठिकाणी उद्धृत केलेला दिसेल. पण त्याच आढाव्यात, त्याच सारांशात, दुसरं एक निरीक्षण आहे, आणि ते मात्र उद्धृत होत नाही: बहुतेक अभ्यासांनी विषयज्ञान तपासलं, आणि तपासायचं साधन होतं क्विझ किंवा लेखी चाचणी.

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. जे कागदावर विचारता येतं तेच विचारलं, आणि त्यात स्क्रीनवाले मागे पडले नाहीत. यात नवल काय? सिद्धांत स्क्रीनवर चांगलाच शिकवता येतो. प्रश्न असा होता की लॅबमध्ये सिद्धांताखेरीज जे शिकायचं असतं त्याचं काय झालं.

हीच गोम मा आणि निकरसन यांनी २००६ मध्येच ‘एसीएम कॉम्प्युटिंग सर्व्हेज’मधल्या आढाव्यात दाखवली होती. प्रत्यक्ष लॅबचे समर्थक डिझाइन कौशल्यावर भर देतात, रिमोट लॅबचे समर्थक संकल्पना समजण्यावर. म्हणजे दोन्ही बाजू वेगवेगळी फूटपट्टी घेऊन उभ्या आहेत आणि आपापल्या फूटपट्टीवर जिंकतायत. साहित्याचा आढावा लिहिताना नुसतं ‘अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं’ अशी माळ लावू नका. प्रत्येक अभ्यासापुढे एक रकाना करा: काय मोजलं? तो रकाना भरताना अर्धा आढावा आपोआप लिहून होतो.

मग मोजायचं काय? यासाठी फायसेल आणि रोझा यांचा २००५ चा पेपर वाचाच. अमेरिकेत दूरस्थ पद्धतीने इंजिनिअरिंगच्या पदव्या द्यायची चर्चा सुरू झाली, तेव्हा एक अडचणीचा प्रश्न पुढे आला: लॅब नसेल तर नेमकं काय नसेल? गंमत अशी की इतकी वर्षं लॅब चालवूनही याचं लिखित उत्तर कोणाकडे धड नव्हतं. म्हणून जानेवारी २००२ मध्ये सॅन दिएगोला अध्यापकांची बैठक झाली आणि लॅबची १३ उद्दिष्टं ठरली. उपकरणं हाताळणं, मॉडेलच्या मर्यादा ओळखणं, प्रयोग रचणं, विदेचं विश्लेषण, डिझाइन, अपयशातून शिकणं, सर्जनशीलता, हाताचं कौशल्य, सुरक्षितता, संवाद, गटकाम, प्रयोगशाळेतला प्रामाणिकपणा, आणि शेवटचं, जे मला फार आवडतं: डोळे, कान, नाक यांनी माहिती गोळा करून निर्णय घेणं. जळका वास आला तर तो डेटा आहे, असं एखाद्या जर्नलने अधिकृतपणे छापावं याचं मला बरं वाटलं.

या तेरांपैकी बहुपर्यायी चाचणीत किती मावतात ते तुम्हीच मोजा. विश्लेषण मावेल. मॉडेलबद्दलचं थोडं मावेल. बाकीच्यांचं काय?

थोडं तपशिलात जाऊ, कारण नुसतं ‘प्रत्यक्ष अनुभव हवा’ म्हणणं ही टीका नव्हे. तसं तर कोणीही म्हणतं.

ट्रायॅक वापरून दिव्याचा उजेड कमी-जास्त करायचा प्रयोग घ्या. फायरिंग अँगल ९० अंश ठेवला की प्रत्येक अर्ध्या सायकलचा पुढचा अर्धा भाग तेवढा दिव्याला मिळतो. सूत्राने आरएमएस व्होल्टेज येतं २३० भागिले वर्गमूळ दोन, म्हणजे सुमारे १६३ व्होल्ट. सिम्युलेशनमध्येही १६३ येतं. आता बाजारातला स्वस्त पिवळा मल्टिमीटर लावा. तो दाखवेल साधारण ११५. का? कारण असे मीटर खरं आरएमएस मोजतच नाहीत. ते सरासरी मोजतात आणि १.११ ने गुणून दाखवतात, जे फक्त शुद्ध साइन वेव्हला बरोबर असतं. ११५ वरून शक्ती काढली तर पूर्ण शक्तीच्या एक चतुर्थांश येते. प्रत्यक्षात दिव्याचा रोध तोच धरला तर ती निम्मी असते. लॅबमध्ये हा फरक दिसला की विद्यार्थी दोन-तीनदा जोडणी तपासतो, मग सरांना बोलावतो, मग शेजारच्या टेबलावरचा ट्रू आरएमएस मीटर आणून लावतो. त्या अर्ध्या तासात त्याला कळतं की मीटरच्या पोटातही एक गृहीतक असतं. सिम्युलेशनमध्ये मीटर कधीच चुकत नाही, त्यामुळे हा अर्धा तास येतच नाही. आणि दोन्ही विद्यार्थ्यांना लेखी चाचणीत ‘९० अंशाला आरएमएस किती?’ विचारलं तर दोघंही १६३ लिहितील. लक्षणीय फरक आढळला नाही.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे, कारण इथे सिम्युलेशन काही शिकवत नाही एवढ्यावर थांबत नाही. ते उलटी सवय लावतं. स्पाइस प्रकारच्या सगळ्या सिम्युलेटरमध्ये ग्राउंडचं चिन्ह कुठेतरी ठेवावंच लागतं, नाहीतर सर्किट चालत नाही. ब्रिज रेक्टिफायर काढताना आपण ते कुठे ठेवतो? डीसीच्या ऋण टोकाला. सोयीचं असतं, आलेख छान येतो. लॅबमध्ये सीआरओच्या प्रोबला जी मगरीच्या तोंडाची क्लिप असते ती पॉवर कॉर्डच्या तिसऱ्या पिनेमधून थेट अर्थिंगला जोडलेली असते. मेन्सवर थेट चाललेल्या ब्रिजच्या डीसी ऋण टोकाला ती क्लिप लावली, की फेज ऋण होण्याच्या अर्ध्या सायकलमध्ये अर्थ, क्लिप, डायोड आणि फेज असा सरळ शॉर्ट होतो. डायोड फुटतो, एमसीबी पडतो, नशीब चांगलं असेल तर तेवढ्यावर निभावतं. म्हणजे स्क्रीनवर जिथे ग्राउंड ठेवायची सवय लागली, नेमकी तीच जागा टेबलावर निषिद्ध आहे.

उपाय माहीत आहेत: सर्किटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावणं किंवा डिफरेन्शियल प्रोब वापरणं. ज्याचा धाक घ्यावा असा ‘उपाय’ही अनेक ठिकाणी रूढ आहे, तो म्हणजे सीआरओची अर्थ पिन काढून टाकणं. शॉर्ट थांबतो खरा, पण सीआरओचं धातूचं खोकं आता मेन्सच्या व्होल्टेजवर तरंगतं आणि बटण फिरवणारा हात त्याच खोक्यावर असतो. अशी पिन काढलेली केबल दिसली तर वापरू नका आणि लॅब असिस्टंटना सांगा. संकोच करू नका.

कपॅसिटरचंही तसंच. ३२५ व्होल्टच्या डीसी बसवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर त्यात सुमारे २५ जूल ऊर्जा साठलेली असते. सिम्युलेशन थांबवलं की पुढच्या रनला सगळं पुन्हा शून्यापासून. खऱ्या सर्किटचा स्विच बंद केला आणि कपॅसिटरला समांतर १०० किलोओहमचा रोध असला, तरी व्होल्टेज ५० पर्यंत उतरायला दीड मिनिट लागतं. रोध नसेल तर किती वेळ, ते विचारूच नका. ईव्ही चार्जरच्या संशोधनात जायचं म्हणताय ना? तिथल्या डीसी बसचं व्होल्टेज याहून जास्त असतं. लॉकडाउनच्या बॅचमधून पास झालेली मुलं आज याच कामात आहेत, आणि काही तर स्वतः लॅब शिकवतायत.

लॅचिंग करंटचं उदाहरण थोडक्यात उरकते. मोटरसारखा इंडक्टिव्ह भार असेल तर प्रवाह हळू वाढतो. अर्धा हेन्रीला १०० व्होल्ट दिले तर ५० मिलिअँपिअर गाठायला २५० मायक्रोसेकंद लागतात. एससीआरचा लॅचिंग करंट तेवढा असेल आणि गेटचा पल्स १०० मायक्रोसेकंदांतच संपला, तर एससीआर चालू राहत नाही. सिम्युलिंकच्या साध्या थायरिस्टर मॉडेलमध्ये लॅचिंग करंट नाही, तपशीलवार मॉडेलमध्ये आहे. म्हणजे हे स्क्रीनवर शिकवता येतं, फक्त शिकवणाऱ्याने मुद्दाम ते मॉडेल निवडायला हवं. इथे दोष माध्यमाला देता येणार नाही.

आता दुसरी बाजू. ती तितकीच जोरात मांडली नाही तर मुलाखतीत तुमची पंचाईत होईल.

२००५ मध्ये फिंकलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात एक अभ्यास केला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी बॅटरी-बल्बची सर्किट्स फेट प्रकल्पातल्या सिम्युलेशनवर केली, काहींनी खऱ्या साहित्यावर. नंतर लेखी प्रश्नांत सिम्युलेशनवाले पुढे होतेच, पण खरं सर्किट जोडून समजावून सांगायच्या कामातही ते पुढे निघाले. हे ‘कागदावर विचारलं म्हणून’ असं म्हणून झटकता येत नाही. कारण समजण्यासारखं आहे: सिम्युलेशनमध्ये प्रवाह डोळ्यांना दिसतो, सैल जोडणीत आणि उडालेल्या बल्बमध्ये वेळ जात नाही. प्रत्यक्ष लॅबचा पुरस्कार करणाऱ्यांनी हा पेपर पचवायला हवा. माझं म्हणणं इतकंच, की तिथे सगळ्या जोडण्या निरुपद्रवी होत्या. चुकीची जोडणी केली तर बल्ब लागत नाही, एवढीच शिक्षा. तो निष्कर्ष उचलून मेन्सवरच्या कन्व्हर्टरला लावणं हा तुमच्या प्रस्तावातला कच्चा दुवा ठरेल. लावता येतो की नाही, हा मात्र उत्तम संशोधन प्रश्न आहे.

आणि ज्याला आपण तुलनेत ‘पारंपरिक लॅब’ म्हणतो ती कशी असते? आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत या विषयाचा प्रयोग म्हणजे एक ट्रेनर किट. लाकडी किंवा प्लॅस्टिकचं खोकं, वर सर्किट छापलेलं, आत काय आहे ते झाकलेलं. छापलेल्या रेषांप्रमाणे पॅच कॉर्ड खोचायच्या, नॉब फिरवायचा, रीडिंग घ्यायचं. एका किटभोवती पाच-सहा जण, त्यातला एक हात लावणार, एक लिहिणार, बाकीचे मागच्या बॅचचं जर्नल कुणाकडे आहे ते बघणार. सबमिशनच्या आठवड्यात रीडिंग ‘येतात’. तेरापैकी किती उद्दिष्टं इथे पूर्ण होतात? असा गट तुलनेसाठी घेतला आणि स्क्रीनवाले बरोबरीत आले, तर त्यातून एवढंच कळतं की खोक्यावरचा नॉब आणि स्क्रीनवरचा नॉब सारखेच. म्हणून पेपर वाचताना ऑनलाइन गटाचं वर्णन वाचता तितक्याच बारकाईने दुसऱ्या गटाचं वर्णन वाचा. बहुतेकदा ते एका ओळीत उरकलेलं असतं: ‘नियंत्रण गटाने नेहमीच्या पद्धतीने प्रयोग केला.’ नेहमीची पद्धत म्हणजे कोणती, बाबा?

‘ऑनलाइन लॅब’ हाही एकच पदार्थ नाही. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्स प्रकल्पात, ज्याचं समन्वयन आयआयटी दिल्लीकडे आहे आणि ज्यात पुण्याचं सीओईपीही सहभागी आहे, प्रयोगाचा साचा ठरलेला असतो: उद्दिष्ट, सिद्धांत, पूर्वचाचणी, कृती, सिम्युलेशन, उत्तरचाचणी. मोफत आहे, भाषा सोपी आहे, आणि लॅबमध्ये जायच्या आदल्या रात्री तिथे प्रयोग करून बघणं फायद्याचं आहे. पण कृती पायरीपायरीने लिहून दिलेली, त्याच क्रमाने क्लिक करायचं आणि शेवटी पर्याय निवडायचे, हा साचा पुन्हा ट्रेनर किटचाच. याउलट स्वीडनच्या ब्लेकिंगे तंत्रविद्यापीठात सुरू झालेली व्हिझिर ही रिमोट लॅब. तिथे तुम्ही स्क्रीनवर ब्रेडबोर्डवर तारा जोडता आणि तिकडे रिलेंची जाळी खरे घटक खरोखर जोडते. रीडिंग खऱ्या उपकरणाचं येतं, नॉइजसकट. मॉडेल आणि वास्तव यातली तफावत इथे भेटते. मात्र शिक्षकाने आधी परवानगीच्या जोडण्यांची यादी दिलेली असते आणि तिच्याबाहेरची जोडणी रिले बंद होण्यापूर्वीच नाकारली जाते. उपकरण वाचवायला हे आवश्यकच आहे. पण ‘आपण केलेली जोडणी धोकादायक होती का’ हे ठरवायचं काम यंत्राने केलं, विद्यार्थ्याने नाही. या दोघांना एकाच ‘ऑनलाइन’ रकान्यात टाकून सरासरी काढणं म्हणजे ताक आणि दूध दोन्ही पांढरं म्हणून एकाच भांड्यात ओतणं.

आता ती टी-टेस्ट. पी-मूल्य ०.०५ पेक्षा जास्त आलं याचा अर्थ ‘फरक नाही हे सिद्ध झालं’ असा होत नाही. ‘एवढ्या नमुन्यात फरक दिसला नाही’ एवढाच होतो. प्रत्येक गटात ३० विद्यार्थी असतील, तर ८० टक्के खात्रीने पकडता येणारा फरक साधारण ०.७ प्रमाण विचलनाएवढा किंवा त्याहून मोठा असावा लागतो. गुणांचं प्रमाण विचलन १२ असेल तर हे झाले आठ-नऊ गुण. खरा फरक पाच गुणांचा असेल तर तुमचा अभ्यास बहुधा तो चुकवणार, आणि तुम्ही लिहिणार ‘दोन्ही पद्धती समान’. समानता दाखवायची असेल तर किती फरक आपण नगण्य मानतो ते आधी जाहीर करून समतुल्यता चाचणी लावावी लागते. गाइडनी ‘याची काही गरज नाही’ म्हटलं तर वाद घालू नका, शांतपणे दोन्ही आकडे तक्त्यात द्या. विश्वास-अंतर दिलं की वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

मग करायचं काय? गुगल फॉर्मवर ‘ऑनलाइन लॅब मला आवडली: पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ एवढ्यावर तरी थांबू नका. आवडणं हा वेगळा मुद्दा आहे.

मला विचाराल तर मी दोष-शोधनाचं काम देईन. बारा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारं छोटं ट्रायॅक सर्किट, त्यात मुद्दाम एक बिघाड केलेला: गेटची तार आतून तुटलेली किंवा एक रोध चुकीच्या किमतीचा. विद्यार्थ्याला मीटर द्यायचा आणि बघत बसायचं. पहिलं मापन कुठे घेतलं? बिघाड सापडेपर्यंत किती मापनं घेतली? प्रोब हलवण्यापूर्वी पुरवठा बंद केला का? उगीच पार्ट बदलून बघितले का? याची निरीक्षण-सूची करता येते, दोन परीक्षकांकडून स्वतंत्रपणे भरून घेता येते आणि त्यांचं एकमत किती हे कॅपा गुणांकाने सांगता येतं. बारा व्होल्ट ठेवल्याने कोणाला इजा होत नाही आणि मीटरचा धडाही शाबूत राहतो: ९० अंशाला खरं आरएमएस साडेआठच्या आसपास, स्वस्त मीटरवर सहाच्या आसपास. ट्रायॅकवर पडणारा व्होल्टभर तोटा आता लहान राहत नाही, त्यामुळे दोन्ही आकडे सूत्रापेक्षा थोडे कमी येतील. तो का कमी आला, हाही प्रश्न विचारा.

हे साहित्य एका बुटांच्या खोक्यात मावतं, घरी पाठवता येतं. म्हणजे तुमचा तिसरा गट तयार झाला: ना कॉलेजची लॅब, ना नुसती स्क्रीन, घरच्या टेबलावरचं खरं सर्किट आणि व्हिडिओ कॉलवर शिक्षक. फक्त ग्राउंडच्या क्लिपचा धडा बारा व्होल्टच्या आयसोलेटेड पुरवठ्यावर घरी देता येणार नाही, कारण तिथे चूक करूनही काहीच होत नाही. तो लॅबमध्येच, शिक्षक शेजारी उभे असताना घ्यावा लागेल. कोणता धडा घरी, कोणता स्क्रीनवर आणि कोणता शिक्षकांसमोर, ही वाटणी आपल्याकडच्या अभ्यासक्रमाच्या १० प्रयोगांसाठी प्रयोगागणिक करून, मोजून दाखवली, तर मला तो प्रबंध वाचायला आवडेल. सुरुवात त्या तेरा उद्दिष्टांचा तक्ता आणि तुमच्या विद्यापीठाची प्रयोगांची यादी शेजारी ठेवून करा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि रिकामे राहणारे चौकोन बघून प्रस्तावाचं पहिलं पान लिहिता येईल.